मधोमध का नाही फुटत?

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज आला तेव्हा मी नाइट शिफ्टला होतो, म्हणून नुसता अंगठा पाठवला आणि फोन खिशात टाकला, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. म्हणजे बघ, तू बारावीच्या वर्गात फळ्यावर ते नेहमीचं समीकरण लिहिलंस, युरेनियम २३५ मध्ये एक न्यूट्रॉन शिरला, बाहेर पडले बेरियम १४४, क्रिप्टॉन ८९ आणि तीन न्यूट्रॉन, आणि मागच्या बाकावरची ती मुलगी उठून म्हणाली, "सर, पण मधोमध का नाही फुटत?" आणि तू तिला सांगितलंस की मित्राला विचारून सांगतो. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आपण हेच विचारलं होतं तेव्हा "पुस्तकात दिलंय तेवढं लिहा" एवढंच उत्तर मिळालं होतं, आठवतंय ना, आणि मग रात्री मेसमधून आल्यावर दोघं रूमवर दोन वाजेपर्यंत वाद घालत बसलो होतो की मधोमधच फुटायला पाहिजे. आपण चुकत नव्हतो रे. आपल्याकडे अर्धीच गोष्ट होती, एवढंच.

फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून बसून लिहितोय. लांबेल, चहा घेऊन बस.

सुरुवात बर्लिनपासून. डिसेंबर १९३८, ओटो हान आणि फ्रित्झ श्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉन मारून जे उरतं त्याची केमिस्ट्री करत होते आणि त्यांना त्यात बेरियम मिळालं. बेरियम म्हणजे ५६ प्रोटॉन, युरेनियम ९२, एवढी मोठी उडी कुणाच्या कल्पनेतही नव्हती. लिझ माइटनरबाई त्याच टीममधल्या, पण त्या ज्यू घराण्यातल्या, नाझी जर्मनीतून कशाबशा निसटून स्वीडनला गेलेल्या. नाताळात त्यांचा भाचा ओटो फ्रिश त्यांच्याकडे कुंगेल्व नावाच्या गावी आला होता, दोघं बर्फातून फिरायला निघाले, एका झाडाच्या ओंडक्यावर बसले आणि खिशातल्या कागदाच्या चिठोऱ्यांवर हिशेब मांडला. न्यूक्लियस, म्हणजे अणूचा गाभा, हा पाण्याच्या थेंबासारखा धरायचा, पृष्ठताण त्याला गोल धरून ठेवतो आणि प्रोटॉनांचं एकमेकांना ढकलणं त्याला फाडायला बघतं, युरेनियममध्ये हे दोन्ही जवळजवळ तुल्यबळ, त्यामुळे एक न्यूट्रॉनचा धक्का पुरतो. थेंब लांबतो, मध्ये कंबर पडते, तुटतो, आणि साधारण २०० एमईव्ही (न्यूक्लियसची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा सुटते. सप्टेंबर १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी हे पूर्ण गणितात बसवलं.

आता गंमत बघ, हा थेंब असाच तुटला तर सगळ्यात सोपं मधोमध तुटणं. तुझी विद्यार्थिनी नकळत बोर-व्हीलरच्या बाजूनेच बोलतेय. पण प्रत्यक्षात मोजलं तर युरेनियमचे तुकडे दोन टेकड्यांत जमा होतात, एक वजन (म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून आकडा) ९५ च्या आसपास, दुसरी १४० च्या आसपास, आणि मध्ये खोल दरी. टेकडीवर एकेका वजनाचा वाटा सहा टक्क्यांच्या वर जातो आणि दरीच्या तळाशी, जिथे दोन सारखे पॅलेडियम ११८ मिळायला हवेत, तिथे ०.०१ टक्का. म्हणजे समान वाटणी ही सहाशेपटीने दुर्मिळ. हे थेंबाला समजावून सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला अजूनही सुंदर वाटते. थोरियमपासून कॅलिफोर्नियमपर्यंत जात राहा, फुटणारा न्यूक्लियस जड जड होत जातो, पण वजनदार तुकडा १४० च्या आसपासच ठाण मांडून बसतो, वाढत जातो तो हलका तुकडा. इस्टेट वाढली तरी थोरला आपल्या तेवढ्याच वाट्यावर ठाम आणि उरलेलं सगळं धाकट्याला. मग सरळ मनात येतं की थोरल्याच्या वाट्यात असं काय आहे की तो तो सोडत नाही?

इथे शेल येतात, म्हणजे न्यूक्लियसमधले कण ज्या ठरलेल्या ऊर्जेच्या थरांत बसतात ते थर. पोरांना सांगताना लग्नाची पंगत सांग. एका पंगतीत समजा ५० पानं मांडलीत. पन्नास बसले की पंगत गच्च भरली, कुणी उठत नाही, कुणी सरकत नाही, सगळं शांत. एक्कावन्नावा पाहुणा आला की त्याला पुढची पंगत, आणि तिथे तो एकटा अवघडून बसणार. न्यूक्लियसमध्ये प्रोटॉनांची पंगत वेगळी आणि न्यूट्रॉनांची वेगळी, आणि पंगत भरते ती २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि न्यूट्रॉनांसाठी १२६ वर. यांनाच मॅजिक नंबर म्हणतात. हे आकडे नेमके का, ते १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी आणि तिकडे जर्मनीत येन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळं सोडवलं, दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं. भरलेल्या पंगतीचा न्यूक्लियस जास्त घट्ट बांधलेला असतो आणि त्याला गोल राहायला आवडतं.

मग टिन १३२ बघ. ५० प्रोटॉन, ८२ न्यूट्रॉन, दोन्ही पंगती भरलेल्या. आणि वजन १३२, थोरल्याच्या टेकडीच्या अगदी उंबरठ्यावर. कित्येक वर्षं मीही विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो की युरेनियम फुटताना आत एक टिन १३२ तयार होऊ बघतो, तो आपल्या वाट्यावर अडून बसतो, उरलेलं दुसऱ्याला जातं. आणि फर्मियम बघितलं की हे पटतंच पटतं. फर्मियम २५६ फुटतो तो असमान, त्याचं अर्धायुष्य दोन तास चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. त्यात दोनच न्यूट्रॉन वाढवून २५८ केलं की तो मधोमध फुटायला लागतो, आणि अर्धायुष्य किती, तर ०.३७ मिलिसेकंद! दोन न्यूट्रॉनांनी दोन कोटी पटींहून जास्त फरक. कारण १०० प्रोटॉन दोघांत वाटले की प्रत्येकी ५०, दोन्ही तुकडे टिन, दोघांनाही भरल्या पंगतीचा मोह. त्या मुलीला सांग, मधोमध फुटणारा न्यूक्लियस आहे, आणि तोसुद्धा शेलमुळेच तसा फुटतो.

इथपर्यंत गोष्ट छान बसते. आता ती कुठे मोडते ते सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

एक, मोजमाप. तुकड्यांचं नुसतं वजन न बघता प्रोटॉन मोजले तर थोरल्या तुकड्याची सरासरी ५० वर येत नाही, ५४ च्या आसपास येते. हे जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय या प्रयोगशाळेत २००० च्या सुमाराला नीट दिसलं. टिनच जर सगळं चालवत होता तर मग ५४ का?

आणि दोन, पारा. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेच्या आयसोल्ड विभागात झालेला हा प्रयोग २०१० मध्ये छापून आला. पारा १८० चा न्यूक्लियस घे, ८० प्रोटॉन, १०० न्यूट्रॉन. आता तूच अर्धे कर बरं. ४० प्रोटॉन, ५० न्यूट्रॉन. झिर्कोनियम ९०. न्यूट्रॉनांची पंगत पन्नासावर गच्च, आणि मधोमध वाटणी करताना एकही कण इकडचा तिकडे करायला नको. पारा १८० मधोमध फुटणार नसेल तर दुसरं कोण फुटणार? प्रयोगाआधी कुणालाही विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं, मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

त्यांनी काय केलं, तर युरेनियमच्या टार्गेटवर प्रोटॉन मारले, त्यातून जे हजारो तऱ्हेचे न्यूक्लियस उडतात त्यातून लेसरने फक्त थॅलियम उचललं, मग मॅग्नेटने त्यातलं वजन १८० चं तेवढं वेगळं काढलं आणि ते कार्बनच्या अतिशय पातळ फॉइलवर नेऊन बसवलं. थॅलियम १८० साधारण सेकंदभर टिकतो, एक इलेक्ट्रॉन गिळून पारा १८० होतो आणि लाखात तीन-चार वेळा तो पारा फुटतो. फॉइलच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन डिटेक्टर, दोन तुकडे दोन दिशांना.

या फॉइलबद्दल जरा सांगतो, कारण तसल्या मी हाताळल्यात. काचेच्या पट्टीवर कार्बनचा थर चढवलेला असतो, ती पट्टी तिरकी धरून पाण्यात अगदी हळू, म्हणजे खरंच केसाकेसाने, सोडत जायची, थर काचेवरून सुटतो आणि पाण्यावर राखाडी सावलीसारखा पसरून तरंगतो, मग खालून धातूची फ्रेम घालून त्याला अलगद वर उचलायचं. त्या वेळी खोलीत कुणी बोलत नाही आणि पंखा बंद असतो. दहातल्या काही फाटतातच. आणि त्या तसल्या फॉइलमधून फिशनचा, म्हणजे न्यूक्लियस फुटण्याचा, तुकडा असा आरपार जातो की जणू तिथे काही नव्हतंच, म्हणून तर ती इतकी पातळ लागते.

तर निकाल. पारा १८० मधोमध फुटला नाही. एक ढीग ८० च्या आसपास, दुसरा १०० च्या आसपास, क्रिप्टॉन आणि रुथेनियम, ३६ प्रोटॉन आणि ४४ प्रोटॉन. झिर्कोनियमच्या जागी जवळजवळ काही नाही. ३६ हा मॅजिक नंबर नाही, ४४ नाही, त्यांच्या न्यूट्रॉनांचे आकडेही नाहीत. मी तो ग्राफ पहिल्यांदा बघितला तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो होतो.

चूक कुठे होती सांगतो. आपण शेवट बघत होतो, रस्ता बघत नव्हतो. फुटल्यावर जे दोन न्यूक्लियस गोल होऊन निवांत होतात त्यांच्या पंगती आपण मोजल्या, पण फुटायचं ठरतं तेव्हा कुणीच गोल नसतं. न्यूक्लियस ताणलेला असतो, मध्ये मान असते, दोन्ही होऊ घातलेले तुकडे त्या मानेने अजून जोडलेले. आणि मांडवाचा आकार बदलला की पंगतही बदलते ना! गोल मांडवात एका पंगतीत ५० बसत असतील, तोच मांडव लांबट करा, एका टोकाला चिमटा, तर ओळी वेगळ्या पडतील आणि भरल्या पंगतीचा आकडा ५० राहणार नाही. मॅजिक नंबर हे गोल न्यूक्लियसचे आकडे आहेत. ताणलेल्याचे आकडे वेगळे.

तू महाबळेश्वरला पोरांची सहल नेतोस ना दरवर्षी. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, एक धार सावित्रीतून अरबी समुद्राला जाते आणि दुसरी कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला. समुद्र किती जवळ आहे हे पाण्याला ठाऊक नसतं, पायाखालचा उतार ठाऊक असतो. पारा १८० साठी दोन झिर्कोनियम हा खाली मोठा खोल समुद्रच आहे, पण माथ्यावरचा उतार तिकडे जात नाही, मध्ये डोंगराची कड आडवी आहे. थिअरीवाल्यांनी त्या ऊर्जेच्या डोंगराचा नकाशा काढला आणि तिथे हेच दिसलं.

मग ५४ चं कोडंही उलगडायला लागलं. २०१८ मध्ये गीयोम स्काँ आणि सेड्रिक सिमनेल या दोघांचा पेपर नेचर या संशोधनपत्रिकेत आला. त्यांचं म्हणणं असं की मानेने जोडलेला तुकडा गोल असूच शकत नाही, मानेकडे तो निमुळता होणार, म्हणजे देठाकडे निमुळत्या होणाऱ्या पेरूसारखा. टिन १३२ ला हा आकार अजिबात मानवत नाही, तो ताठ. पण ५२ आणि ५६ प्रोटॉनांच्या आसपासचे न्यूक्लियस या पेरूच्या आकारात भरल्या पंगतीसारखे खूश असतात, बेरियम १४४ तर एरवी एकटा असतानाही थोडा पेरूसारखाच असतो हे प्रयोगात दिसलंय. ५२ आणि ५६ च्या मधली सरासरी किती? ५४.

आणि बेरियम म्हणजे ५६. हानला बर्लिनमध्ये पहिल्याच झटक्यात जे हाताला लागलं होतं ते, आणि परवा तू फळ्यावर लिहिलंस ते. ऐंशी वर्षं उत्तर समीकरणाच्या उजव्या बाजूला लिहिलेलं होतं रे.

आता तू म्हणशील की समीकरणात क्रिप्टॉनही आहे, ३६, आणि पाऱ्यातही ३६ निघाला, मग एकच कारण का? इथे घाई करायची नाही. युरेनियममध्ये ९२ मधून ५६ गेले की ३६ उरतातच, तिथे थोरला ठरवतो आणि धाकटा उरलेलं घेतो. पाऱ्यात मात्र उलटं असावं असा संशय होता. आणि २०२५ मध्ये जीएसआयमधल्याच एका मोठ्या टीमचा पेपर नेचरमध्ये आला त्याने तो जवळजवळ पक्का केला. त्यांनी इरिडियमपासून थोरियमपर्यंत सुमारे १०० न्यूक्लियस फोडून बघितले, आणि सगळे न्यूट्रॉनांची कमतरता असलेले, निसर्गात कुठे न सापडणारे. पद्धत अशी की न्यूक्लियसलाच प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ८० टक्क्यांनी सोडायचं आणि शिशाच्या शेजारून जाऊ द्यायचं, धडकवायचं नाही, शिशाच्या विद्युतक्षेत्राचा हादरा तेवढा लागू द्यायचा. जेमतेम फुटण्यापुरती ऊर्जा मिळते, आणि तुकडे सगळे पुढेच उडतात त्यामुळे दोन्ही तुकड्यांचे प्रोटॉन अचूक मोजता येतात. त्यात दिसलं की असमान फुटणाऱ्यांचं एक वेगळं बेटच आहे, युरेनियमच्या प्रदेशापासून सुटं, आणि तिथे अडून बसणारा तुकडा हलका आहे, ३६ प्रोटॉनांचा. म्हणजे तिथे धाकटा वाटणी ठरवतो!

"जेमतेम ऊर्जा" वर मी जोर देतोय त्याला कारण आहे, आणि ते आपल्या घरचं कारण आहे. न्यूक्लियस तापला की पंगती विस्कटतात, लोक उठून इकडेतिकडे फिरायला लागतात, भरलेली काय आणि रिकामी काय, शेलचा परिणाम पुसट होत जातो आणि शेवटी साधा थेंबच उरतो. हे किती तापल्यावर किती पुसट होतं याच्यावर ट्रॉम्बेमध्ये फार मोलाचं काम झालंय. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अप्सरा रिअॅक्टर सुरू झाला, त्याच्या न्यूट्रॉनांवर भौतिकशास्त्रज्ञ राजा रामण्णांनी फिशनचा अभ्यास उभा केला, आणि त्यातूनच पुढे १९७० मध्ये राममूर्ती, कपूर आणि कटारिया यांचा शेल इफेक्ट आणि ऊर्जा यांच्या नात्यावरचा पेपर आला. जगभर लोक अजून त्याचा आधार घेतात. हे तुझ्या पोरांना नक्की सांग, चेंबूरच्या पलीकडे झालंय हे.

आमच्याकडे कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर, म्हणजे न्यूक्लियसना वेग देऊन त्यांचा झोत (बीम) सोडणाऱ्या यंत्रावर, आम्ही शिशाहून हलके न्यूक्लियस बनवतो ते दोन न्यूक्लियस एकमेकांवर आदळून, जोडून. त्यामुळे ते जन्मतःच तापलेले असतात आणि शेलची खूण धूसर दिसते, ती शोधून काढायची म्हणजे बीमची ऊर्जा शक्य तेवढी खाली आणायची, मग फिशनच इतकं कमी होतं की रात्र रात्र बसायचं. तुझा मेसेज आला ती तसलीच रात्र. व्हॅक्यूम पंपाची एकसुरी घरघर, बाहेर समुद्राचा खारट वारा, आणि स्क्रीनवर दोन डिटेक्टरांच्या वेळा एकमेकांसमोर मांडलेल्या. एका कोपऱ्यात नुसत्याच उसळून आलेल्या बीमचा दाट डाग, आणि त्याच्यापासून सुटून एक तिरकी, विरळ पट्टी, एकेक ठिपका म्हणजे एकेक फुटलेला न्यूक्लियस. एक तुकडा लवकर पोचला की दुसरा उशिरा, म्हणून ती तिरकी. तुकडे नॅनोसेकंदाला एक सेंटिमीटरभर पळतात. मी ती पट्टी भरत जाताना बघतो तेव्हा मला अजूनही प्रत्येक ठिपक्याला विचारावंसं वाटतं की बाबा, तू कुठल्या बाजूने उतरलास?

याचा वरच्या आकाशाशीही संबंध आहे, तेवढं लिहून थांबतो. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, ऑगस्ट २०१७ मध्ये तशी टक्कर आपण गुरुत्वलहरींतून ऐकली आणि दुर्बिणींतून पाहिलीही. तिथे न्यूट्रॉनांचा असा पूर असतो की न्यूक्लियस ते गिळत गिळत फुगतात आणि शेवटी फुटतात, तुकडे पुन्हा न्यूट्रॉन गिळायला लागतात. ते न्यूक्लियस पृथ्वीवर कुठल्याही प्रयोगशाळेत अजून कुणी बनवलेले नाहीत. पण २०२३ च्या शेवटी सायन्स या संशोधनपत्रिकेत ४२ जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास आला, त्यात रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम आणि चांदी यांचं प्रमाण जडशीळ मूलद्रव्यांबरोबर वरखाली होताना दिसलं, आणि त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की हा २६० च्या वर वजन असलेल्या न्यूक्लियसच्या तुकड्यांचा माल आहे. म्हणजे वहिनींच्या पैंजणातली काही चांदी अशा फुटण्यातूनही आलेली असू शकते. पण कुठला तुकडा अडून बसतो हे माहीत असल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही, आणि पारा आणि थोरियम यांच्या मधल्या पट्ट्यात ३६ चा जोर कुठे संपतो आणि ५४ चा कुठे सुरू होतो हे आपल्याला आत्ता आत्ता दिसायला लागलंय.

त्या मुलीला एक कर. तिच्या हातात कणकेचा गोळा दे आणि दोन्ही हातांनी ओढायला सांग, आणि तुटायच्या आधी थांबव. मानेजवळ दोन्ही बाजूंचा आकार कसा झालाय ते वहीत काढू दे. मग पारा १८० चे आकडे दे, ८० आणि १००, आणि विचार तुला काय वाटतं. झिर्कोनियम म्हणाली तर लगेच चूक म्हणू नकोस, थोडं बोलू दे.

शिमग्याला चार दिवस येतोय. तोवर तिचं उत्तर कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
रूम नंबर १४ मधला